लांडगीण, ससा आणि पैनगंगेकाठची माणसे

चंद्रपूरच्या स्थापनेची गोष्ट सशापासून सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर गाठी आणि फोड होते. झरपट नदीच्या एका डबक्यातल्या पाण्याने तोंड धुतल्यावर ते बरे झाले, आणि पुढे त्याच परिसरात शिकारीला निघालेल्या राजाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा दिसला. हा ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागला होता. राणी शहाणी होती. तिने सांगितले की ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने कोट बांधावा, आणि चांद्याचा, म्हणजे जुन्या चंद्रपूरचा, परकोट त्या आखणीवर उभा राहिला, असे लोक आजही सांगतात. रोमची गोष्टही अशीच आहे. तिथे टायबर नदीकाठी एका लांडगिणीने दोन जुळ्या पोरांना दूध पाजले, आणि परंपरेने धरलेल्या इ.स.पूर्व ७५३ या वर्षी त्यांतल्या एकाने, रोमुलसने, शहराची हद्द आखली. दोन्ही गोष्टी ऐकताना हसू येते, आणि ते यावेच, कारण एवढ्या मोठ्या नगरांचा पाया घालायला एक ससा आणि एक लांडगीण पुरली याची गंमत वाटणे अगदी रास्त आहे. पण त्यांतली एक बाब सहज नजरेतून निसटते. या कथांत आधी भिंत येते आणि लोक नंतर. रोमुलसने शहर आखले तेव्हा त्यात राहायला माणसे नव्हती, म्हणून त्याने आजूबाजूच्या पळून आलेल्यांना, कर्जबाजाऱ्यांना, बेघरांना आसरा दिला आणि शेजारच्या सॅबाइन लोकांच्या मुली पळवून आणल्या, हे रोमन इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे पुढे जगावर राज्य करणाऱ्या या लोकांनी स्वतःच्या जन्मकथेतच मान्य केले होते की आपण ठिकठिकाणचे गोळा झालेलो आहोत. कुठलाही लोकसमूह असाच घडतो, आणि हे पाहायला रोमपेक्षा चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका अधिक सोयीचा आहे, असे मला या लेखात दाखवायचे आहे.

आधी इटलीकडे पाहू, कारण मराठी वाचकाची त्या देशाशी जुनी ओळख आहे. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले, तेव्हापासून मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे आपल्याकडे घरची झाली. त्या वाचनातून आपल्या मनात एक चित्र ठसले: एक प्राचीन इटालियन राष्ट्र होते, ते परक्यांच्या दास्यात पडले आणि वीरांनी त्याला मुक्त केले. प्रत्यक्षात त्या द्वीपकल्पावर पहिल्यापासूनच मोठी गर्दी होती. रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन लोक राहत. त्यांच्या भाषेचे लॅटिनशी काही नाते नव्हते, पण रोमनांनी लिपी त्यांच्याकडून उचलली. दक्षिणेत ग्रीकांच्या वसाहती होत्या, आणि नेपल्स या नावाचा मूळ अर्थच ग्रीकमध्ये ‘नवे गाव’ असा आहे, म्हणजे आपल्याकडची सगळी नवेगावे नेपल्सची सख्खी भावंडे ठरतात. पो नदीच्या खोऱ्यात केल्ट होते. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाला याने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक करून टाकले, त्यामुळे सिरियातला व्यापारी आणि ब्रिटनमधला शेतकरी एका फटक्यात रोमन झाले. पुढे ५६८ मध्ये लोंबार्ड उतरले, त्यानंतर सिसिलीत अरब आले, अरबांच्या मागोमाग नॉर्मन आले. पंधराव्या शतकात तुर्कांपासून पळालेले अल्बानियन दक्षिण इटलीत वसले, आणि त्यांच्या वंशजांची गावे आजही आपली जुनी बोली बोलतात.

१७ मार्च १८६१ रोजी इटलीचे राज्य जाहीर झाले, तेव्हा हे सगळे एका झेंड्याखाली आले. व्हेनिस १८६६ मध्ये आणि रोम १८७० मध्ये जोडले गेले. नव्या देशाचा पहिला राजा स्वतःला व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा म्हणवत राहिला, कारण त्याच्या जुन्या पिडमाँट-सार्डिनिया राज्याच्या मोजणीत तो दुसरा होता. देश नवा, पण राजाचा क्रमांक जुनाच. त्याचा मुत्सद्दी पंतप्रधान कावूर याला इटालियनपेक्षा फ्रेंच लिहिणे सोपे जाई. आणि प्रजा? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजानुसार १८६१ मध्ये इटालियन भाषा खरोखर वापरता येणारे लोक शंभरात जेमतेम अडीच होते. इतर अभ्यासक हा आकडा दहाच्या आसपास नेतात. दहा धरले तरी नव्वद जणांना स्वतःच्या देशाची भाषा येत नव्हती. व्हेनिसचा नावाडी आणि सिसिलीचा मेंढपाळ समोरासमोर आले असते तर त्यांचे बोलणे हातवाऱ्यांवरच भागले असते. ज्या टोमॅटोच्या रश्शावाचून इटालियन जेवणाची कल्पना करता येत नाही, तो टोमॅटो सोळाव्या शतकात अमेरिकेतून आला. ज्युलियस सीझरने तो कधी पाहिलाही नाही. यात इटालियन माणसाला खाली पाहायला लावणारे काहीच नाही. आपल्या झुणक्यातली लाल मिरचीही त्याच समुद्रापलीकडून आली, आणि तरी झुणका आपलाच आहे.

आता पैनगंगेच्या दक्षिण काठावर येऊ. कोरपना तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. उत्तरेला पैनगंगा, तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला वणीचा मुलूख. दक्षिणेला माणिकगडचे डोंगर, आणि त्यांच्या कुशीत व पलीकडे जिवतीचे पठार आणि तेलंगण. नदीकडच्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, ज्वारी. डोंगरपायथ्याशी मोह, साग आणि चुनखडक. वढा-जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. नकाशात हा भाग नेहमी काठावर पडतो. मुंबईहून पाहिले तर हे महाराष्ट्राचे शेवटचे टोक, हैदराबादहून पाहिले तर तेलंगणाच्या पलीकडचे, नागपूरहून पाहिले तर नदीपार. राजधानीत बसून लिहिलेल्या इतिहासात त्यामुळे कोरपन्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. कोरपन्यातच उभे राहून पाहिले की मात्र चारी दिशांचे रस्ते इथेच येऊन मिळताना दिसतात, आणि हा काठ म्हणजे खरे तर सांधा आहे हे कळते.

कागदपत्रे हेच सांगतात. माणिकगडचा किल्ला माना समाजाच्या परंपरेप्रमाणे गहिलू नावाच्या माना नागवंशी प्रमुखाने बांधला, म्हणजे तो गोंड राजांच्याही आधीचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली, तिच्यात माणिकदुर्ग आहे. चांद्याच्या गोंड राजांची राजधानी आधी सिरपूरला होती, मग बल्लारपूरला आली आणि शेवटी चांद्याला; त्यातले सिरपूर आज तेलंगणात आहे. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याला पदच्युत केले आणि चांदा नागपूरकरांकडे गेला. इंग्रजी अमलात वर्धा आणि पैनगंगा या नद्या सरहद्दी झाल्या: वर्धेपलीकडे इंग्रजांचा मध्यप्रांत, पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड, आणि अलीकडे निजामाचे हैदराबाद. त्या वेळी कोरपन्याची गावे राजुरा तालुक्यात होती आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात.

मग सुरू झाला पत्ते बदलण्याचा काळ. वनसडीच्या मोहाखाली बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याची कल्पना करा, जो तिथून कधी हललाच नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाची रयत होता. त्यानंतर तो भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा तालुका मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९ मध्ये तो तिथून काढून चांदा जिल्ह्यात घातला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९६४ मध्ये जिल्ह्याचे नाव चांद्याचे चंद्रपूर झाले. सोळा वर्षांत म्हाताऱ्याचा पत्ता पाच वेळा बदलला आणि मोह मात्र जिथल्या तिथे होता. या सगळ्यात तो म्हातारा कोण होता? हैदराबादी, नांदेडचा, चांदेकर की महाराष्ट्रीय? त्याला विचारले असते तर त्याने आधी गावाचे नाव सांगितले असते, मग जातीचे किंवा जमातीचे, आणि कोणत्या भाषेत सांगितले असते हे समोरच्यावर अवलंबून होते. शेजारच्या जिवती तालुक्यात मुकादमगुडा नावाचे गाव आहे. त्यातला मुकादम हा शब्द अरबी, राजदरबाराच्या फारसीतून आलेला. गुडा हा वस्तीसाठीचा द्राविडी शब्द. आणि दोन्ही मिळून झालेले नाव मराठी मतदारयादीत. पैनगंगेपलीकडे वणीकडे कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, अलीकडे गुडा, बंजाऱ्यांच्या वस्तीला दोन्हीकडे तांडा. एका गावाच्या पाटीत तीन राजवटी वाचता येतात, आणि असे वाचन मला ताम्रपटाइतके मोलाचे वाटते.

भाषांचे तर विचारूच नका. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. गोंडीत तीनला ‘मुंड’ आणि चारला ‘नालुंग’ म्हणतात. तेलुगूत ‘मूडू’ आणि ‘नालुगू’. गोंड माणूस शतकानुशतके मराठी, हिंदी, तेलुगूच्या शेजारात राहूनही आपली मोजणी आपल्या कुळातच करत आला. उलट मराठी संस्कृत-प्राकृताच्या घरातली, पण तिने द्राविडी शेजाऱ्यांकडून काय घेतले हे पाहायचे तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द पुरेत. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटले तर समोरच्याने बसून राहावे, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले तर उठावे. हिंदीत दोन्हीला ‘हम’, इटालियनमध्ये दोन्हीला ‘नोई’. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, आणि मराठीतला हा भेद द्राविडी सहवासातून आला असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे गोंडी आणि मराठी यांचा संबंध परवाचा नाही. मराठी घडत असतानाच कुठेतरी ते शेजारी एका चुलीपाशी बसले होते, आणि त्या बसण्याचा पुरावा आपण रोज जेवणाच्या निमंत्रणात देतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इटलीची तुलना इथे लागू पडत नाही. इटलीत १८६१ पूर्वी राज्य एक नसेल, बोलणारे थोडे असतील, पण दान्ते होता. चौदाव्या शतकात त्याने तोस्कानाच्या बोलीत जे लिहिले, त्याच्याभोवती पुढची साडेपाचशे वर्षे सुशिक्षित इटालियन माणूस स्वतःला एक समजत राहिला. कोरपन्यात असे कोण आहे? हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर परधान समाजात आहे. परधान हे राजगोंडांचे परंपरागत गाथाकार. हातात किकरी हे तंतुवाद्य घेऊन ते गोंड यजमानांच्या घरी पारी कुपार लिंगोची, सगांच्या म्हणजे कुळगटांच्या उगमाची, चार देव, पाच देव, सहा देव, सात देव या कुळव्यवस्थेची गाथा गातात. लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवले, ही कथा मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर भागात टिपून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. पण छापण्याआधी ती कित्येक पिढ्या किकरीच्या तारेवर टिकलेली होती. आता यातली विलक्षण गोष्ट ऐका. १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांनी नोंदवले आहे की तिथल्या परधानांची घरची भाषा मराठी होती. म्हणजे गोंडांचा सगळा इतिहास, त्यांचे देव, त्यांची कुळे, ज्यांच्या स्मरणात सुरक्षित होती ते लोक घरी मुलांशी मराठीत बोलत आणि यजमानाच्या दारात गोंडीत गात. दान्तेने इटालियनांना एका भाषेत बांधले. इथे दोन भाषांनी एकमेकींचे जपले. मला हे अधिक अवघड आणि अधिक सुंदर काम वाटते, आणि ते करणाऱ्यांची नावे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत याचे दुःख वाटते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो बहुधा आदिवासी वाचकाकडूनच येईल. सगळे मिसळलेले, सगळे पाहुणे, असे म्हटले की जो आधीपासून इथे होता त्याचा हक्क पुसला जातो. निजामाच्या काळात जंगल राखीव झाले, बाहेरून आलेल्यांच्या नावावर जमिनी चढल्या, आणि गोंड-कोलाम आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरले. माणिकगडच्या डोंगररांगेपलीकडे जोडेघाटला कोमराम भीम यांनी जल, जंगल, जमीन यांचा हक्क मागत हत्यार उचलले आणि १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना ते मारले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला जाग आली आणि कारणे शोधायला नेमले गेले ते हेच हायमेंडॉर्फ, व्हिएन्नात जन्मलेले, म्हणजे ज्या शहराने एके काळी अर्ध्या उत्तर इटलीवर राज्य केले तिथले. त्यांच्या अहवालांमुळे आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले, मार्लवाईला गोंडीतून शिकवणारी शाळा निघाली. पण त्यानंतरही ओघ थांबला नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून शेकडो कुटुंबे जिवतीच्या डोंगरांवर आली. १९८० च्या दशकापासून गडचांदूर, आवारपूर या भागात चुनखडकाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि देशभरातून कामगार आले. दुष्काळात घर सोडणाऱ्या कुटुंबाचा दोष नाही आणि कामाला आलेल्या मजुराचाही नाही. तरीही कोलामाच्या वहिवाटीची जमीन गेली असेल तर ती गेली, आणि कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, हे विसरता येत नाही.

म्हणून मी मिसळण्याचा इतिहास सांगतो तो हक्क बुडवण्यासाठी नाही. लोकसमूह मिसळून घडतो हे खरे, पण मिसळताना कोणी जमीन दिली, कोणी घेतली, कोणाची भाषा चावडीवर चालली आणि कोणाची चुलीपुरती उरली, याचा हिशेब इतिहासानेच ठेवायचा असतो. ‘आम्हीच मूळचे, शुद्ध रक्ताचे’ असा दावा करून हक्क मिळवायला गेले तर तो दावा लगेच कमजोर होतो, कारण गोंडांच्या आधी माना होते अशी परंपरा उभी राहते आणि वाद किल्ल्याच्या पायापर्यंत जातो. हक्काचा भक्कम आधार वेगळा आहे: पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट, जंगलाची राखण, देवस्थाने, वस्त्यांची नावे. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये हाच आधार मानला. तो पुरावा मागतो तो वहिवाटीचा, वंशाच्या शुद्धतेचा नाही. इटलीतही रक्ताच्या शुद्धतेवर बोलणाऱ्यांनीच १९३८ चे वंशकायदे आणले आणि रोममध्ये दोन हजार वर्षे राहिलेल्या ज्यूंना परके ठरवले. रोमुलसच्या आसऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या शहरात हे घडले.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: सरहद्द एकदा ठरली की लोक कोण ते सरकार ठरवते, जुने उकरून काय मिळणार? याला उत्तर जिवतीतल्या चौदा गावांनी दिले आहे. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर, महाराजगुडा ही त्यांतली काही. कित्येक दशके या गावांवर महाराष्ट्र आणि आधी आंध्र, मग तेलंगण, दोघांनीही हक्क सांगितला. शाळा दोन्ही राज्यांच्या, रेशनकार्डे दोन्ही राज्यांची, मतदानही दोन्हीकडे. सरकारांना इतक्या वर्षांत जे निश्चित करता आले नाही, ते लोकांच्या येण्याजाण्याला कधी अडले नाही. दिवाळीत दंडारीचे मेळ निघतात, मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी गावोगाव पाहुणे होऊन जातात. पौषात जंगुबाईच्या गुहेकडे दोन्ही राज्यांतले भाविक चालत येतात. इटलीतही असेच घडले. तिच्या उत्तर टोकाला दक्षिण टिरोल आहे. १९१९ च्या तहाने तिथले जर्मन भाषक ऑस्ट्रियन होते ते इटालियन झाले. मुसोलिनीच्या काळात त्यांच्या जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावे बदलली. जर्मन काही गेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने धोरण बदलले, प्रांताला स्वायत्तता दिली, आणि आज तिथली मुले सरकारी खर्चाने जर्मन शाळेत जातात. १९९९ मध्ये तर इटलीने कायदा करून बारा अल्पसंख्य भाषांना मान्यता दिली. त्यात ग्रीक, अल्बानियन, सार्डिनियन सगळ्या आल्या, त्यांतल्या काहींचे बोलणारे मोजके हजार.

गोंडी बोलणारे भारतात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३० लाख आहेत. भारतीय घटनेच्या आठव्या परिशिष्टात २२ भाषा आहेत आणि गोंडी त्यात नाही. राज्यांनी ती वाटून घेतली आणि कोणत्याच राज्यात ती बहुसंख्य उरली नाही. महाराष्ट्रात ती मराठीच्या सावलीत, तेलंगणात तेलुगूच्या, छत्तीसगढ आणि मध्य प्रदेशात हिंदीच्या. पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये सरकारची वाट न पाहता गोंडी माध्यमाची शाळा काढली. माणिकगडच्या पायथ्याशी, जिथे परधानांनी मराठी घरात गोंडी गाथा जपल्या, तिथल्या एखाद्या गुड्यातही अशी शाळा उघडावी, आणि तिच्या पहिल्या इयत्तेत गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठवाड्यातून आलेल्या शेतकऱ्याची मुले एका रांगेत बसून ‘मुंड, नालुंग’ मोजताना ऐकू यावीत.